विहीणबाईचा मान

अक्का, विहीणबाई आमच्या सांगलीच्या घरी आल्यात. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, पलंगाखाली, पार भिंतीला चिकटून बसल्यात. तुझ्या मळ्यातून आणल्यापासून त्यांनी अन्नाला तोंड लावलेलं नाही. दूध ठेवलं, दुधात भाकरी कुस्करून ठेवली, माझ्या लेकीने, नंदाने, तूप लावून चपातीचे तुकडे ठेवले. सगळं जसंच्या तसं, दिवस मावळायच्या आत उचलून गल्लीतल्या गाईला घालावं लागलं. पाणी तेवढं पितात, तेही खोलीत कुणी नसताना. वाकून बघितलं की अंधारात दोन डोळे दिसतात आणि अंग थरथरताना दिसतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "वाकून बघू नगंस, सुमे. तिला आवडत न्हाई ते." म्हणून मी उठून बाहेर आले आणि तुझ्याशी बोलायला बसले. तू समोर होतीस तेव्हा मी कधी नीट बोललेच नाही. एक तर तुला शहाणपण शिकवलं, नाहीतर विषय बदलला.

लोकांना वाटतं, थोरली बहीण गेली म्हणून ही सुकलीय. ते खोटं नाही. सकाळी चूल पेटवताना तुझी आठवण येते, भुईमुगाच्या शेंगा दिसल्या की येते. पण रडायला म्हणून पदर डोळ्याला लावते आणि रडू येण्याआधी लाज येते. तुझ्यासाठी धड रडताही येत नाही मला, ही काय दशा म्हणायची.

सुतक फिटल्यावर मळ्यात माणसं भेटायला आली, तो दिवस तू बघायला हवा होतास. भाऊबंद, शेजारपाजारचे येणारच होते. पण त्यांच्या मागून अनोळखी माणसं यायला लागली आणि प्रत्येकाच्या काखेत, नाहीतर दोरीला, एक छोटं कुत्रं. तासगावचा शिंपी आला. विट्याचा तो गलाईवाला आला, सोनं गाळायचं दुकान तिकडं दूर परमुलखात आणि नेमका सुट्टीवर गावी आलेला. रहिमतपूरच्या काकू एसट्या बदलत आल्या, मांडीवरच्या पिशवीत कुत्री, आणि कंडक्टरला सांगितलेलं की भाजी आहे. तुझा भूपाल बिचारा गोंधळून गेला. नगरकडच्या साखर कारखान्यात नोकरी त्याची, आईचा हा गोतावळा त्याला कुठला ठाऊक! त्याने माणसांना चहा सांगितला आणि कुत्र्यांकडे बोट करून मला हळूच विचारलं, "मावशी, ह्या पावण्यांना काय द्याचं?"

मग सगळी बोलायला लागली आणि बोलणं फिरून फिरून एकाच गोष्टीवर आलं. तुझ्याकडे कुत्रं मागायला येईल त्याने आधी अंगणात, जमिनीवर, कुत्र्याकडे पाठ करून बसायचं, ही तुझी अट. बोलवायचं नाही, वळून बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही. कुत्रं आपणहून येऊन हुंगेल तेव्हा पुढचं बोलणं. नाही आलं तर चहा घेऊन घरी जायचं आणि परत कधीतरी यायचं. शिंपी सांगत होता, "दुकान टाकून येत हुतो मी. गिऱ्हाइकं शिव्या द्याची. पर अक्कांनी घाई न्हाई करू दिली." गलाईवाल्याची गोष्ट तर मला माहीत होती. तो बसल्या बसल्या झोपी गेला होता, घोरत होता, आणि त्या घोरण्याला भुलून की काय कोण जाणे, तुझी ती एका डोळ्याची कुत्री येऊन त्याचा कान चाटून गेली. तू म्हणे त्याला उठवून सांगितलंस, "ऊठ बाबा, झालं तुझं लगीन." त्या दिवशीही तो हे सांगताना हसत होता आणि डोळे पुसत होता.

आणि मग रहिमतपूरच्या काकू माझ्याकडे वळल्या. "आवं ताई, तुमी तर सख्ख्या भैन. तुमाला किती येळ बसवलं हुतं अक्कांनी?"

मी म्हणाले, "बराच."

"म्हंजी भैनीलाबी सोडलं न्हाई!" काकू म्हणाल्या, आणि सगळी हसली. कुणीतरी म्हणालं, अक्कांना ही आवड लागली तीच ह्यांच्यामुळं, पहिलं कुत्रं ह्यांच्याच घरात आलं. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला असणार. भूपाल म्हणाला, "मग मावशी, विहीणबाई तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. घराला कुलूप लागणार, तिला कुठं टाकू? तुला तरी वळखती ती." सगळ्यांनी माना हलवल्या. मी हो म्हटलं. एवढ्या माणसांत दुसरं काय म्हणणार होते? तुझ्या घरात, तुझी बाज तशीच पडलेली असताना, मी खोटं बोलले आणि त्या खोट्याच्या जोरावर तुझी कुत्री घेऊन आले. मी एकदाही बसले नव्हते, अक्का. एक क्षणसुद्धा नाही. तुझ्या अंगणात खाली बसायचं म्हटलं की मला माझी साडी दिसायची.

नंदा शाळेत होती तेव्हाची गोष्ट. शेजारच्या इंजिनियरांकडे पांढरं झुपकेदार पॉमेरियन आलं आणि आमच्या घरात रडारड सुरू झाली. कुणीतरी ठिकाण सांगितलं. साताऱ्याच्या पुढे रस्त्याला लागून एक बंगली आहे, महाबळेश्वरला जाणारे मुंबईचे लोक तिथून पिल्लं नेतात. मुंबईचे लोक नेतात म्हटल्यावर मला तिथलंच हवं झालं. सोबत तुला घेतलं, कारण आपल्या माहेरी जनावर तुझ्या नजरेखालून गेल्याशिवाय दावणीला येत नव्हतं. बाजारात कालवड कितीही देखणी असो, तू पहिल्यांदा विचारणार, "हिची आई कुठाय?" आईची कास बघायची, पाय बघायचे, तिच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि मग कालवडीकडे वळायचं. दलाल वैतागायचे तुझ्यावर.

त्या बंगलीत वेताच्या खुर्च्या होत्या. काचेच्या पेल्यातून लिंबाचं सरबत आलं. टोपलीत गादी, गादीवर पिल्लं, एकेकाच्या गळ्यात रिबीन. मालक गोड बोलणारा. मीही माझी ठेवणीतली मराठी बाहेर काढली, लग्न होऊन सांगलीत आल्यावर शिकलेली, 'आहे' आणि 'नाही' वाली. तू खुर्चीच्या अगदी कडेला बसली होतीस आणि मी मनात म्हणत होते, अक्काने तोंड उघडू नये. तू सरबत संपवलंस, पेला खाली ठेवलास आणि म्हणालीस, "ह्येची आई दावा."

तो म्हणाला, "आई झोपलीय, ताई."

"मग उठंस्तवर बसतो की आमी."

"अक्का, ही काय कालवड आहे का?" मी दात आवळून म्हटलं. तू माझ्याकडे बघितलंस. मग मागल्या अंगाला जाऊन येते म्हणालीस आणि उठलीस. बायकामाणसाला मागल्या अंगाला जाते म्हटल्यावर कोण अडवणार? त्यालाही अडवता आलं नाही.

तू परत आलीस तेव्हा एक पिल्लू माझ्या मांडीवर झोपी गेलं होतं. एका कानावर तपकिरी ठिपका असलेलं. तुझा चेहरा उतरला होता आणि पदराला कसला तरी उग्र वास येत होता. "सुमे, ऊठ," तू म्हणालीस. "हितनं काय घ्याचं न्हाई."

"नंदाला काय सांगू?"

"सांग, आई बघितली."

मी उठले नाही. मागे काय बघितलंस तेही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उठावं लागलं असतं. पैसे दिले आणि पिल्लू घेतलं, आमचा प्रिन्स. सातारा ते सांगली एसटीत तू माझ्या शेजारी बसली नाहीस, पुढच्या बाकावर बसलीस. मला तुझा राग आला होता. एवढा आनंदाचा दिवस आणि ही तोंड फुगवून बसलीय, असं वाटत होतं मला.

मागे काय होतं ते तू फार नंतर सांगितलंस, तेही शेंगा फोडता फोडता, माझ्याकडे न बघता. आधी तिथे कोंबड्या होत्या. रोग येऊन कोंबड्या मेल्या, जाळीचे पिंजरे तसेच राहिले. त्या पिंजऱ्यांत कुत्र्या, एकीवर एक, ओळीने. खाली पत्रा नाही, नुसती जाळी, वरचीची घाण खालचीच्या अंगावर. वीत वीत पोटं लोंबलेली. "एवढी कुत्री, सुमे, आन एकबी भुकली न्हाई," तू म्हणालीस. "मी समोर हुबी ऱ्हायली तर समदी मागं सरली." एवढंच. मी तेव्हा काय म्हटलं ठाऊक आहे? मी म्हटलं, आमचा प्रिन्स मात्र छान आहे हं.

हे सांगण्याआधीच तू एकटी साताऱ्याला जाऊन आली होतीस. त्या माणसाशी भांडली नाहीस. भांडून त्याने फाटक लावून घेतलं असतं, एवढं तुला कळत होतं. ज्या आता पिल्लं देत नाहीत त्या मला द्या, एवढंच म्हणालीस. त्याला तेच हवं होतं, फुकटची खाणारी तोंडं कमी झालेली. पहिलीच जी तू उचललीस तिच्या कानावर तपकिरी ठिपका होता. कोंबड्यांच्या डालग्यात घालून आणलीस आणि स्टँडवरून मळ्याकडे जायच्या आधी वाट वाकडी करून माझ्या दारात आलीस.

तो दिवस मला पुसून टाकता आला तर मी काय देईन! आत बायका बसल्या होत्या, इंजिनियरीणबाईसुद्धा होत्या. तू दारात, घामाघूम, डोक्यावर डालगं. ते पायरीवर ठेवून तू झाकण जरासं उचललंस आणि म्हणालीस, "ही बघ, तुझी विहीणबाई."

"काय?"

"पोरगं न्हेलंस न्हवं तिचं? मग विहीणच की. मानपान कर. पाय धू, वटी भर." तू चेष्टा करत होतीस. दमली होतीस तरी डोळे हसत होते तुझे. मला वाटतं, तो समेटाचा हात होता. एसटीतलं ते मोडलेलं बोलणं तू तिथे जोडायला बघत होतीस.

मी आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं, आणि बाहेर येताना दार मागे ओढून घेतलं. वास आत जाऊ नये म्हणून. तू ते बघितलंस. पाणी आधी डालग्यातल्या वाटीत ओतलंस, उरलं ते प्यालीस आणि "येते" म्हणून निघालीस. आत गेल्यावर बायकांनी विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, मळ्यावरची बाई.

हे तुला माहीत नव्हतं, अक्का. निदान माहीत नसावं अशी मी आजवर आशा करत आले.

विहीणबाईला चालता येत नव्हतं. जन्म जाळीवर गेलेला, पंजे फाकलेले, नखं वळून तळव्यात रुतलेली. मातीवर ठेवली की ती जिथे ठेवली तिथेच उभी राहायची, जणू पाऊल उचललं तर खाली पडेल. तू बैलांच्या खुरांना पत्र्या मारणाऱ्याकडून तिची नखं कापून घेतलीस. केसांच्या पार जटा झाल्या होत्या, त्या धनगराने मेंढरं कातरायच्या कात्रीने काढल्या, आणि आतून जी निघाली ती उंदराएवढी. गावाने तुला हसून घेतलं. अक्काने उंदीर पाळलाय म्हणाले. तू तिला गोणपाटावर बसवायचीस आणि रोज ते गोणपाट ओट्यापासून थोडं थोडं लांब ओढायचीस. एक दिवस म्हणे तिने पुढचा एक पाय गोणपाटाबाहेर मातीत ठेवला आणि काढून घेतला. हे सांगायला तू मुद्दाम मळ्यातून सांगलीला आलीस. "पाय ठिवला गं तिनं!" मी गव्हाला ऊन दाखवत होते. म्हटलं, बरं झालं.

आणि ती उजेडात जेवायची नाही. ह्याचं कारणही तूच शोधून काढलंस. तिथे दिवसा हात आत आला की पिल्लू जायचं. खाणं टाकायचे ते अंधार पडल्यावर, एकदाच. म्हणून उजेडात येणारा हात म्हणजे नेणारा हात, एवढं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मग तू दिवस मावळला की दूधभाकरी कालवून ठेवायचीस आणि तिच्याकडे पाठ करून शेंगा फोडत बसायचीस. कंदीलसुद्धा पलीकडच्या खोलीत ठेवायचीस. मागून चाटण्याचा आवाज आला तरी वळायची नाहीस. तीच पुढे तुझी रीत झाली. एकीमागून एक कुत्र्या आल्या, बऱ्या झाल्या, माणसांकडे गेल्या. काही आल्या आणि मेल्या, त्यांना तू बांधावरच्या सीताफळाखाली पुरलंस. विहीणबाईंना मात्र तू कुणाला दिलं नाहीस. कुणी मागितलं तर म्हणायचीस, "ती माज्या भनीकडची सोयरीक हाय."

प्रिन्सचं सांगू का? तू ते कधी बोलून दाखवलं नाहीस. दोन-अडीच वर्षांचा झाला आणि त्याचे डोळे जायला लागले. भिंतींना धडकायचा, अंधारात घाबरून कुणाच्याही पायाला तोंड लावायचा. नंदा मोठी झाली होती, तिच्या मैत्रिणी घरी यायच्या. मी त्याला तुझ्याकडे पाठवलं, हवापालट म्हणून. आंधळ्या कुत्र्याला हवापालट! भूपाल घेऊन गेला. नंतर मी मळ्यात आले तेव्हा तो विहीणबाईच्या गोणपाटावर झोपला होता. तू म्हणालीस, "ती त्येला वळखत न्हाई गं. पर जागा दिली तिनं." बस, इतकंच. परत कधी नेतेस असं विचारलं नाहीस. मीही नेला नाही. मागच्या उन्हाळ्यात तो गेला तेव्हा तू निरोप पाठवलास आणि मी नंदाला सांगितलंसुद्धा नाही, परीक्षा होती म्हणून.

आता आपलं भांडण. अर्धवट राहिलंय ते.

चातुर्मास होता. तू मुनिमहाराजांच्या दर्शनाला सांगलीत आली होतीस, जैन बस्तीच्या देवळाजवळच्या आमच्या घरी उतरली होतीस, आणि विहीणबाई सोबत. तिला टाकून तू मुक्कामाला जात नव्हतीस. आमच्या घरची शिस्त तुला ठाऊक. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, चूल झाकायची, स्वयंपाकघराचं दार लावायचं. सासूबाईंनी घालून दिलेली शिस्त मी एक दिवस मोडलेली नाही आणि ते चारचौघींत सांगायला मला आवडतं. तूही नियम पाळणारीच. लहानपणापासून रात्रीचा घास तुझ्या तोंडात गेला नाही. पण त्या संध्याकाळी बस्तीतून बायका माझ्याबरोबर घरी आल्या आणि बघतात तो तू स्वयंपाकघराचं दार उघडून अंधारात दूधभाकरी कालवतेयस.

मी तिथल्या तिथे बोलले. सगळ्यांसमोर. "आज सकाळी प्रवचन काय ऐकलंस मग? स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि करणाऱ्याला बरं म्हणणं, तिन्ही सारखंच. तू नाही जेवलीस म्हणून झालं का? रात्री जेवायला घालतेस म्हणजे जेवल्यातच जमा."

तू हात थांबवलास. "सुमे, तिला दिवसा जेवाय शिकवतीया मी. तवर काय उपाशी ठिऊ व्हय?"

"नियम तो नियम. कुत्र्यासाठी वेगळा नसतो. आणि माझ्या स्वयंपाकघरात तर नाहीच नाही."

बायकांतल्या एकीने मान डोलावली. मला बरं वाटलं त्या मान डोलावण्याने. तू वाटी उचललीस, रस्त्यापलीकडच्या कट्ट्यावर जाऊन बसलीस आणि तिथे विहीणबाईला जेवू घातलंस, रस्त्याकडे पाठ... नाही, विहीणबाईकडे पाठ करून, म्हणजे तोंड आमच्या घराकडे. मी खिडकीतून बघितलं. तू माझ्याच दाराकडे बघत बसली होतीस. सकाळच्या पहिल्या गाडीने गेलीस. त्यानंतर मळ्यात मी येत राहिले, तूही सणाला डोकावत राहिलीस, पण मुक्काम परत कधी केला नाहीस. आणि ते बोलणं आपण दोघींनीही पुन्हा काढलं नाही. मला तर वाटायचं, मीच जिंकले. तुला उत्तर सुचलं नाही.

उत्तर तुझ्यापाशी होतं, अक्का. ते मला परवा, मळ्यातून येताना, मांडीवर डालगं धरून एसटीत बसले होते तेव्हा कळलं. स्वतः करणं, करवणं आणि बरं म्हणणं. त्या साताऱ्याच्या माणसाने केलं. मी पैसे मोजून करवलं. आणि शेजारणीपाजारणींनी प्रिन्सला उचलून घेऊन किती गोड म्हटलं. तिन्ही सारखंच ना? माझंच वाक्य, माझ्याच घरात, तू उलटवून माझ्या तोंडावर फेकू शकली असतीस, त्याच बायकांसमोर. एका वाक्यात मी गप्प झाले असते. तू वाटी उचलून बाहेर गेलीस. मला वाचवलंस तू. तुला सुचलं नाही असं कसं होईल? कालवडीची आई मागणारी बाई तू.

आणि तरीही, आणल्यापासून मी काय करतेय? विहीणबाई कधी जेवतात, कशा जेवतात, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच? ठाऊक असून मी उजेडी ताटली ठेवते आणि दिवस मावळायच्या आत उचलते. नंदाला म्हणते, जात नाही बघ अन्न तिला, अक्काच्या मागं जाणार वाटतं ही. नंदा आता कॉलेजात जाते, डोळे मिटून ऐकणारी राहिली नाही. काल म्हणाली, "आई, रात्रीची ठेवून बघू या का? मावशी ठेवायची." मी म्हटलं, आपल्यात चालत नाही. तिने माझ्याकडे बघितलं ते तुझ्यासारखं बघितलं. साताऱ्याहून परतताना, एसटीत चढताना तू बघितलं होतंस ना, तसं.

आज सकाळी विहीणबाई पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत.

म्हणून आज संध्याकाळी जेवणं उरकली, चूल झाकली, स्वयंपाकघराचं दार लावलं. नेहमीसारखं. ह्यांनी पेपर उघडला. बाहेर अंधार पडला. आणि मग मी उठून दार उघडलं, अक्का. ह्या घरात आल्यापासून पहिल्यांदा. भाकरी हाताने बारीक कुस्करली, तू करायचीस तशी, दूध कोमट केलं. ह्यांनी पेपरावरून बघितलं आणि म्हणाले, "अगं, हे काय?" मी म्हटलं, "विहिणीचं जेवण राहिलंय." पाप लागायचं तर लागू दे, माझ्या माथी लागू दे. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. एवढ्या वर्षांची शिस्त एका वाटीत मोडणं सोपं नाही गं मला. पण त्या शिस्तीपायी पलंगाखाली एक जीव संपला असता आणि मी चारचौघींत ताठ मानेने सांगितलं असतं की आमच्याकडे रात्रीचं चालत नाही.

वाटी पलंगाच्या कडेला ठेवली. दिवा बाहेरच्या खोलीत ठेवला. आणि खाली बसले, फरशीवर, नेसत्या साडीनिशी, पलंगाकडे पाठ करून. हातांना काहीतरी हवं म्हणून तुझ्या मळ्यातून आणलेल्या शेंगा घेतल्या. माझे गुडघे काही तुझ्यासारखे नाहीत, लगेच कुरकुरायला लागले. शेंगा फोडत राहिले. मागे काहीच नाही. नंदा दारात आली, मला तशी बसलेली बघून परत गेली. मला वाटलं, उशीर केला आपण. मला वाटलं, ही आपल्याला वासावरून ओळखत असेल, हीच ती दार ओढून घेणारी. वळून बघावं असं इतकं वाटत होतं की मान दुखायला लागली. वळले नाही.

मग नखं वाजली. फरशीवर, अगदी हळू, एक पाऊल, थांबली, मग आणखी एक. आणि चाटण्याचा आवाज आला. पहिल्यांदा घाबरत घाबरत, मग भराभर. मी शेंग धरलेला हात तसाच ठेवला. फोडली असती तर आवाज झाला असता. तेव्हा मला रडू आलं, अक्का. तू गेल्यापासूनचं पहिलं, नुसतं तुझ्यासाठीचं. तेही आवाज न करता रडावं लागलं.

वाटी रिकामी झाल्यावर त्या परत पलंगाखाली गेल्या. जवळ आल्या नाहीत. मला हुंगलं नाही. अंगणात तासन् तास बसणाऱ्यांना तू सांगायचीस तसं, आज चहा घ्यायचा आणि उठायचं. चहा काही मी घेणार नाही, माझा स्वतःचा नियम आहे तसाच आहे. पण उठलेही नाही. अजून इथेच फरशीवर आहे, तुझ्याशी बोलतेय, पाठ पलंगाकडे.

रहिमतपूरच्या काकू परत भेटतीलच कुठेतरी. एवढ्या माणसांत बोललेलं खोटं तसंच ठेवायचं नाही मला. त्या विचारतील, किती येळ बसला हुता, ताई? मी सांगेन, काकू, तेव्हा नव्हते बसले. आता बसलेय.